न वाचता 'येस' म्हणणारा देव

गुरुवार उजाडला की वरकुट्याच्या अलीकडे, इंदापूर रस्त्याला, ट्रॅक्टर लावायला जागा उरायची नाही. ट्रॉल्या उसाच्या नव्हेत, माणसांच्या. ऐन गळीत हंगामात, कारखान्याची तोड आलेली असताना लोक कोयता फडात टाकून यायचे. बायका नऊवारीचा पदर दातात धरून उतरायच्या, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन उतरवायचे आणि सगळे मिळून एकाच दिशेने निघायचे. कोंबड्यांच्या शेडकडे.

हो, कोंबड्यांचीच शेड. मी गुरांचा डॉक्टर. आदल्या वर्षी याच शेडमध्ये येऊन मी कोंबड्यांना राणीखेतची लस दिली होती. पुढे मालकाचा धंदा बसला, कोंबड्या गेल्या आणि त्याच जाळीच्या आड आता भक्तमंडळी मांडी घालून बसायला लागली. भुसा तेवढा झाडून काढला होता.

१९९९ सालची ही गोष्ट. एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, विमानं पडणार, बँका बुडणार असं पेपरात रोज छापून येत होतं. ज्यांनी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्यांनाही त्याची धास्ती वाटत होती. अशा मोक्याच्या वेळी विद्युतनाथ महाराज अवतरले. त्यांचा कॉम्प्युटर वेडा होणार नव्हता. कारण तो म्हणे थेट हिमालयातल्या सिद्धांशी बोलत होता.

शेडच्या टोकाला चौथरा होता. त्यावर भगव्या शालीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. त्याचा कीबोर्ड काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेला, म्हणजे कुणी हात लावतंय असा संशय नको. माऊस पितळी तबकात, लाल कापडावर, हळदीकुंकू वाहून. आणि महाराज त्याच्यापासून चांगले दूर, वाघाचं चित्र असलेल्या सतरंजीवर.

"लोक विचारतात, महाराज, हे यंत्र काय आहे?" महाराजांनी दाढीवरून हात फिरवला. "बाबांनो, ही खिडकी आहे. इंग्रज तिला विंडो म्हणतो, आम्ही मोक्षद्वार म्हणतो. आणि या तबकात कोण बसलंय? माऊस! माऊस म्हणजे काय?"

"उंदीर!" लोक ओरडले.

"उंदीर कुणाचं वाहन?"

"गणपतीचं!"

"आपल्या शास्त्रात होतंच की सगळं. अमेरिकेला आत्ता कुठे समजलं."

टाळ्या पडल्या. मी मागे जाळीला टेकून उभा होतो. माझ्या शेजारी संभाजी होता, भवानीनगरच्या बाजूचा बागायतदार. त्याच्या गोठ्यात माझं नेहमीचं येणं-जाणं. त्याने आग्रह केला म्हणून मी आलो होतो. पुढच्या रांगेत त्याची आई प्रयागबाई, बायको सारजा आणि दोघींच्या मधे त्यांची रेश्मा बसली होती. सहावीतली पोरगी. तिला फिट यायच्या. बारामतीच्या एका डॉक्टरांची गोळी दोन वर्षं चालू होती आणि तेव्हापासून फिट जवळजवळ थांबल्या होत्या. पण प्रयागबाईंना 'जवळजवळ' नको होतं. त्यांना गोळीविना बरी झालेली नात हवी होती. पुढेमागे पोरीचं लग्न व्हायचं, आणि सोयरीक जुळवताना औषधाचा डबा लपवता येत नाही, हे त्यांचं रोजचं बोलणं.

महाराजांचा भाचा राजवर्धन सगळ्यांचे प्रश्न आधीच यंत्रात टाकून ठेवायचा. पुण्यात कसलासा कोर्स करून आलेला, गॉगल लावणारा पोरगा. त्याने हात जोडले आणि यंत्र बोलायला लागलं. आधी टेलिफोन फिरवल्याचा आवाज, मग किंचाळणं, घरघर, शिट्ट्या. गवळ्याच्या डब्यात मांजर अडकावं तसा आवाज.

"ऐका!" महाराज कुजबुजले. "ब्रह्मांडाचा नाद!"

बायकांनी हात जोडले. मोडेम फोन लावताना असाच आवाज करतो, हे मला बारामतीत ऐकून माहीत होतं. पण त्या गर्दीत ते सांगायची सोय नव्हती.

मग पडद्यावर एक चौकट उघडली. त्यात पिवळा त्रिकोण, त्रिकोणात उद्गारचिन्ह, शेजारी इंग्रजी मजकूर. तो वाचायला मी चौथऱ्याकडे सरकलो, संभाजी माझ्या मागोमाग.

"त्रिनेत्र उघडला! सिद्ध अनुज्ञा मागताहेत!" महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले. "अनुज्ञा! अनुज्ञा! अनुज्ञा!"

तिसरी हाक पुरी होते न होते तोच पडद्यावरचा बाण हालला. तबकातला माऊस जागचा हालला नव्हता. कीबोर्ड कुलपात होता. तरी तो पांढरा बाण सरसर सरकत चौकटीतल्या एका बटणावर गेला, बटण दबलं आणि चौकट नाहीशी झाली.

"गेला निरोप हिमालयाला!"

जयजयकाराने पत्रा हादरला. संभाजीने माझा दंड धरला.

"डॉक्टर, बघितलं का? कुनी हात लावला न्हाय!"

मीही पाहिलं होतं. चौकटीत काय लिहिलंय ते मी पुढे होऊन वाचूनही घेतलं होतं. दुसरा एक प्रोग्रॅम तुमच्या नावाने पत्र, म्हणजे ई-मेल, पाठवू पाहतो आहे, पाठवू द्यायचं का, असं यंत्र विचारत होतं. खाली दोन बटणं, येस आणि नो. यात हिमालय कुठेच नव्हता. पण बाण कसा हालला, हे मात्र मला सांगता येत नव्हतं.

आरती झाली. आरती संपता संपता यंत्रातून 'टिंग' असा आवाज आला. सिद्धांचं उत्तर! पडद्यावर अक्षरं उमटली, पण कसली? टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, खांब.

"ही सिद्धलिपी," महाराज म्हणाले. "सामान्यांना वाचता येत नाही."

सामान्यांनी ते लगेच मान्य केलं. महाराजांनी मग एकेक उत्तर वाचून दाखवलं. एकाला बोअर पूर्वेला पाडायला सांगितली, एकीला पांढरी गाय दान करायला सांगितली. रेश्माचा नंबर आला तसा त्यांनी आवाज जड केला.

"सिद्ध म्हणतात, या बालिकेच्या मस्तकात गोळ्यांचं विष साचलं आहे. गोळी आजपासून बंद. विष उतरू लागलं की बालिका पडेल, थरथरेल. भ्यायचं नाही. ती विष उतरल्याची खूण."

मला राहवेना. "महाराज, फिटची गोळी अशी एकदम बंद करता येत नाही. जिवावर बेतेल."

"आपण कोण?"

"गुरांचा डॉक्टर."

"मग गुरं बघा." लोक खदखदून हसले. प्रयागबाईंनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवासमोर चप्पल घालून उभा होतो.

पुढे व्हायचं ते झालं. संभाजीची म्हैस व्यायला अडली म्हणून मी दुपारच्या वेळी त्याच्या गोठ्यात होतो. रेश्मा म्हशीसाठी हौदावरून पाण्याची बादली भरत होती. बादली आदळल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ पाण्यात काहीतरी पडल्याचा. मी धावलो. पोरगी हौदात पालथी पडली होती, हातपाय झटके देत होते, तोंड पाण्याखाली.

संभाजीने आणि मी तिला बाहेर काढलं. प्रयागबाई चप्पल घेऊन नाकाशी धरायला धावल्या. मी चप्पल भिरकावून दिली, पोरीला कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी वाहू दिलं. एक झटका थांबेपर्यंत दुसरा सुरू झाला. सारजा नुसती बघत उभी होती. शेजारच्याच्या जीपमध्ये घालून रेश्माला बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सुई दिली, झटके थांबवले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कुणी बंद केली?"

संभाजीने आईकडे पाहिलं.

पोरगी वाचली. पण चार घास खाऊन उठून बसली तशी प्रयागबाई म्हणाल्या, "म्हाराजांनी सांगितलंच हुतं, पडंल म्हनून. ईख उतारलं."

मी संभाजीला बाहेर व्हरांड्यात घेतलं. "अजून काय पाहिजे तुला? पोर बुडाली होती!"

तो खाली मान घालून उभा राहिला. "कळतंय डॉक्टर. पन म्या माज्या डोळ्यांनी बघितलं की वो. बाण आपला आपन हालला. तुमी बी बघितला. तो कसा हालला ते सांगा, म्हंजी मी आईला सांगतो. न्हायतर हितनं घरी न्हेली की ती गोळी उकिरड्यावर टाकनार. पुढल्या गुरुवारी म्हाराज दुसरा निरोप धाडनार हायती."

त्याचं खोटं नव्हतं. एका बाणापायी पोरीचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्या बाणाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याला विचारणं एवढंच माझ्या हातात होतं.

बारामतीत भिगवण रोडला तेजश्रीचा कॉम्प्युटरचा क्लास होता. वरकुट्याच्या साहेबराव गुरुजींची ही मुलगी. बौद्ध वस्तीतलं पहिलं पक्कं घर गुरुजींचं आणि गावातली पहिली इंजिनिअर मुलगी त्यांची. मी तिला सगळं सांगितलं. ब्रह्मांडाच्या नादाला ती हसली. त्रिनेत्राला आणखी हसली. रेश्माचं ऐकलं तशी हसायची थांबली.

"डॉक्टर, ती चौकट देवाची नाही, पहारेकऱ्याची आहे," ती म्हणाली. "या वर्षी पत्रांतून पसरणारे व्हायरस निघालेत. एखाद्याच्या मशीनमध्ये शिरतात आणि त्याच्याच नावाने त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना पत्रं धाडतात. म्हणून पत्रांचा प्रोग्रॅम आता आधी मालकाला विचारतो, बाबा रे, हे तूच पाठवतोयस ना? माणसाने वाचावं, विचार करावा, मग बटण दाबावं, यासाठी ती चौकट."

"पण बाण?"

"तोही एक छोटा प्रोग्रॅम. त्याला एकच काम, अशी चौकट दिसली की थोडं थांबायचं आणि बाण नेऊन येसवर दाबायचं. त्या थांबण्यात तीन वेळा 'अनुज्ञा' बसते. मध्यंतरी एका हापिसाने माझ्याकडेही असला प्रोग्रॅम मागितला होता. त्यांचे कागद रोज संध्याकाळी आपोआप पत्राने जायचे, कारकून घरी गेलेला, चौकट रात्रभर वाट बघत बसायची. मी म्हटलं, तुमच्या स्वतःच्या एका प्रोग्रॅमला ओळख दाखवून आत सोडायची सोय करू, ते चालेल. पण येईल त्याला डोळे झाकून हो म्हणणारा नोकर दारात बसवू नका. चोर आला तरी तो दार उघडेल."

बोलता बोलता ती थांबली. मग खुर्ची मागे सारून म्हणाली, "चोर आला तरी उघडेल. डॉक्टर, गुरुवारी मलाही दर्शनाला न्या."

गुरुवारी शेड ओसंडून वाहत होती. हौदातली पोरगी वाचल्याची बातमी महाराजांनी स्वतःच पसरवली होती. विष उतरलं, सिद्धांनी हात देऊन वर काढलं, असं. हात माझा आणि संभाजीचा होता, पण आम्हाला दाढी नव्हती.

तेजश्री सरळ चौथऱ्यापाशी गेली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, मी बारामतीला कॉम्प्युटर शिकवते. इतकी यंत्रं हाताळली, पण माझ्या एकाही यंत्रात सिद्ध येत नाहीत. माझा प्रश्न या फ्लॉपीवर आणलाय. तुमच्या यंत्रात तेवढा घ्यावा."

महाराज फुलले. शिकलेली बाई, कॉम्प्युटरवाली, भर सभेत हात जोडून उभी. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

राजवर्धन मात्र चपापला. त्याने गॉगल काढला. "मामा, बाहेरची फ्लॉपी हाय. आत काय असंल..."

"लाव."

"पण मामा, आधी बघू तरी द्या—"

"सिद्धांपासून काय लपणार आहे? लाव म्हणतो ना!"

त्याने लावली. यंत्र गुरगुरलं आणि पडद्यावर चौकट उघडली. तोच पिवळा त्रिकोण, तीच दोन बटणं. फरक एवढाच की मजकूर मराठीत होता आणि अक्षरं मागच्या रांगेला वाचता येतील एवढी मोठी.

महाराजांनी त्रिकोण पाहिला, एवढं त्यांना पुरे होतं. वाचायची त्यांना सवयच नव्हती. डोळे मिटले, हात वर गेले.

राजवर्धनने वाचलं. "मामा, थांबा! ओ मामा!"

"अनुज्ञा! अनुज्ञा! अनुज्ञा!"

बाण निघाला. सरसर सरकला, येसवर गेला, बटण दबलं. पण या वेळी चौकट नाहीशी झाली नाही. येस तसंच दबलेलं राहिलं. तेजश्रीने तशी व्यवस्था करून ठेवली होती.

"गेला निरोप हिमालयाला!" महाराज गरजले.

जयजयकार झाला नाही. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. संभाजी उठून उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचायला लागला.

"विद्युतनाथ... महाराज... लोकांना... फसवतात. हे... खरं... आहे का?" तो थांबला. घसा खाकरला. "खाली येस दाबलंय."

महाराजांनी डोळे उघडले.

"सिद्धांनी अनुज्ञा दिली, महाराज," तेजश्री म्हणाली. "आता माझा दुसरा प्रश्न. या वेळी तुम्ही काहीच बोलू नका. हात खालीच ठेवा."

दुसरी चौकट उघडली. शेडमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. महाराजांनी हात खालीच ठेवले होते. आणि कुणी अनुज्ञा दिली नाही, कुणी मंत्र म्हटला नाही, तरी बाण थोडा वेळ थांबून आपला निघाला आणि येसवर जाऊन बसला.

संभाजीने वाचलं, "रेश्माची गोळी... बंद केली... हे चूक झालं का?" मग त्याने दबलेल्या येसकडे बोट दाखवलं. सारजाने पोरीला छातीशी ओढून घेतलं.

"या यंत्रात कुणी सिद्ध नाही," तेजश्री लोकांकडे वळली. "एक न वाचणारा नोकर आहे. चौकट दिसली की तो येस म्हणतो. महाराज देव आहेत का विचारा, येस म्हणेल. महाराज चोर आहेत का विचारा, येसच म्हणेल. त्याला ना तुमचा आजार कळतो, ना तुमचं नाव."

महाराज सावरले. अशी माणसं लवकर सावरतात. "कुणाची गं तू?"

"वरकुट्याच्या साहेबराव गुरुजींची."

"अस्सं!" महाराजांनी सभेकडे पाहून हात पसरले. "बघा रे बाबांनो! ज्यांनी आपले देव सोडले, त्यांची पोरगी आपल्या देवाची परीक्षा घ्यायला आलीय!"

शेडमध्ये चुळबुळ झाली. दोन-चार माना हलल्याही. त्या माना कुणाच्या ते मला आजही आठवतं, पण नावं घेत नाही. तेजश्रीचा चेहरा लाल झाला. तरी आवाज चढला नाही.

"आमच्या आज्याने देव सोडले, खरं आहे. पण न वाचता हो म्हणायचंही त्यानेच सोडलं, महाराज. तुमच्या देवाची परीक्षा घ्यायला मी आले नाही. तो या यंत्रात असता तर मीच खाली बसले असते."

प्रयागबाई उठल्या. आवाज खणखणीत होता. "बाई, बाणाचं पटलं. पन उत्तर येतं त्याचं काय? सिद्धांची लिपी हाय ती. आमी बघितलीय."

"आजी, तेही बघू." तेजश्रीने राजवर्धनकडे हात पुढे केला. "पेटीची किल्ली."

राजवर्धनने मामाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग किल्ली दिली. तेजश्रीने काचेची पेटी उघडली, कीबोर्ड काढला, तबकातला माऊस हळदीकुंकवासकट उचलला आणि रेश्माला आलेलं उत्तर पडद्यावर आणलं. टोप्यांची अक्षरं, चौकोन, खांब.

"ही सिद्धलिपी नाही, मराठीच आहे. मराठी अक्षरांचा साचा निवडला नाही की मशीन अशी वाकडी अक्षरं दाखवतं. हा बघा, साचा निवडला."

टोप्या गळून पडल्या. चौकोन गेले. पडद्यावर स्वच्छ, वळणदार मराठी उभी राहिली.

"रेश्मा, तू वाच," तेजश्री म्हणाली.

पोरगी आईच्या मिठीतून सुटली, पुढे आली आणि शाळेत वाचावं तसं वाचायला लागली.

"गगन, गवत बघ. मगन, बदक धर. शरद, तबक पुस. मगन, बदक सोड."

कुणाला काही कळेना. तिने पुन्हा वाचलं. मगन, बदक धर. मगन, बदक सोड.

"टायपिंग शिकताना हा सराव करतात," तेजश्री म्हणाली. "पत्रही इथूनच गेलं, इथेच आलं. पाठवणारा आणि घेणारा पत्ता एकच आहे. सगळ्यांना हेच उत्तर आलंय. बोअरवाल्यालाही आणि गाईवालीलाही."

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी म्या पूर्वेला बोअर पाडली ती बदकापायी?" आणि शेड हसली. पत्रा हादरला तो खरा तेव्हा.

पण मला हसू आलं नाही. मी सारजाकडे बघत होतो. तीही हसत नव्हती. मगनने बदक धरलं, म्हणून तिच्या पोरीची गोळी बंद झाली होती. मगनने बदक सोडलं, म्हणून पोरगी हौदात पालथी पडली होती. ती उठली, चौथऱ्यापाशी गेली आणि महाराजांच्या अगदी समोर उभी राहिली. घरात सासूपुढे कधी वर न बघणारी बाई.

"वाचून दावा," ती म्हणाली. "हितं कुठं लिवलंय, माज्या पोरीच्या मस्तकात ईख हाय म्हनून? बोट ठेवून दावा."

महाराजांनी पडद्याकडे पाहिलं. बोट उचललं नाही.

"माऊली, मी नुसता... ह्यो राजा म्हनला, मामा, असं असं करू..." हिमालयातली भाषा एका दमात इंदापूर तालुक्यात उतरली. "ए राजा, सांग की!"

"बिरदेवमामा, माझं नाव घेऊ नका हां!" राजवर्धन ओरडला, आणि विद्युतनाथांचं खरं नाव त्या निमित्ताने सगळ्यांना कळलं.

दोन-चार तरुण अंगावर धावले. संभाजीने त्यांना अडवलं. "मारू नगा. मारलं की उद्या हुतात्मा हुईल. पोलिसांकडं चला." त्याने स्वतः जाऊन तक्रार दिली, पोरीच्या दवाखान्याच्या कागदांसकट. शेड त्या आठवड्यात रिकामी झाली.

सगळे शहाणे झाले असं मात्र समजू नका. पुढच्या बाजाराच्या दिवशी इंदापुरात दोघेजण मला ऐकवत होते, महाराज खरेच होते, यंत्रात बिघाड झाला, बाई बाटलेली होती म्हणून सिद्ध रुसले. ज्याने गाय दान केली त्याला आपण फसलो हे कबूल करणं गाय देण्यापेक्षा जड जातं. भोंदू त्याच जडपणावर जगतो. त्याला तुमची श्रद्धा लागत नाही, तुमची न विचारण्याची सवय पुरते.

महिन्याभराने रेश्माला तपासायला बारामतीला न्यायचं होतं. संभाजीची तोड आली होती म्हणून मी सोबत गेलो. प्रयागबाई नातीचा हात धरून आत आल्या. डॉक्टरांकडे गर्दी होती. त्यांनी तपासलं, भराभर गोळ्या लिहिल्या, कागद पुढे केला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. प्रयागबाई जागच्या हालल्या नाहीत.

"ही गोळी कशाची, डॉक्टर?"

"फिटची. तीच आहे, आजी."

"किती वर्सं घ्यायाची? मदीच बंद केली तर काय हुतं? हिला सोसंल का?"

"आजी, बाहेर एवढे पेशंट बसलेत. सांगितलंय तेवढं करा ना."

मी डॉक्टरांची बाजू घेणार होतो. प्रयागबाईंनी मला हातानेच गप्प केलं.

"रागावू नगा सायेब. तुमी खरंच सांगत असाल. पन मागल्या बारीला बी आमाला असंच सांगितलं, आन् आमी न इचारता व्हय म्हनलो. पोरगी हौदातनं काढली ह्यांनी. आता देव सांगू दे न्हायतर दागतर, समजल्याबिगर मी व्हय म्हननार न्हाय."

डॉक्टरांनी प्रयागबाईंकडे नीट पाहिलं. मग पुढच्या पेशंटला हाताने थांबवलं, पेन खाली ठेवलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाले, "बसा आजी. सांगतो."